खिडकीशेजारचं कपाट

वॉरेन झिंकने प्लायवुडचा तुकडा कापला, कोपऱ्याला काटकोन तपासायचा पोलादी गुण्या लावला आणि दोन्ही उजेडात धरले. पोलाद आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ आली.

“संपलं,” तो म्हणाला. “काप काटकोनात येत नाही. ऊठ, ते खोकं दे.”

लॉयड कॉर्कम खोक्यावरच बसला होता. तो उठला नाही. चाळीस वर्षं होड्या बांधून त्याचे गुडघे गेले होते आणि बसायला मिळालेली जागा तो सहसा सोडत नसे.

“सकाळी अख्खा प्लाय एकट्याने कापलास,” तो म्हणाला. “कसा सरसर गेला. मी बघत होतो.”

“सरसर वाकडा गेला.”

करवतीच्या डाव्या अंगाला जोडलेलं ते सरकतं टेबल येऊन अठ्ठावीस दिवस झाले होते. पसंत नसेल तर तिसाव्या दिवसापर्यंत परत. दुपारी ट्रक येणार होता. बायको, ग्रेटा, असताना वॉरेन प्लाय ढकलायचा आणि ती करवतीपलीकडे उभी राहून तो झेलायची. ती गेल्यापासून त्याने अख्खा प्लाय कापला तो आज सकाळीच, या टेबलावर. गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलसाठी त्याने बारा कपाटं कबूल केली होती. टेबल जमलं तर ती होतील, नाहीतर आपण दुकान बंद करू, असं त्याने मुलीला फोनवर सांगून टाकलं होतं.

“पुस्तिका वाचलीस का?” लॉयडने विचारलं.

“पुस्तिका ग्रेटा वाचायची.”

लॉयडने बुडाखाली हात घालून खोक्यातून पुस्तिका ओढली, हात लांब केला आणि डोळे बारीक करून वाचू लागला. “‘पाच कापांची परीक्षा. एकच फळी फिरवत फिरवत चारही कडा कापा. मग पहिली कड पुन्हा कापून एक पट्टी काढा. पट्टी दोन्ही टोकांना सारख्या रुंदीची आली तर टेबल बरोबर.’ यात गुण्याचं नावच नाही.”

“गुण्या असताना ही नाटकं कशाला? माझ्या बापाचा गुण्या आहे हा. एकतीस वर्षं याने ग्रेटाशी वाद जिंकलेत. स्वयंपाकघरातलं कपाट तिरकं आहे म्हणायची. खिडकी आणि कपाटाच्या मधे वर बोट जातं, खाली जात नाही. मी हा लावून दाखवायचो. कपाट काटकोनात! मग तिरकं काय राहिलं? खिडकी. आणि ती बसवली कुणी? तिच्या बापाने.”

“ती काय म्हणायची?”

“म्हणायची, आमचे बाबा खिडकी वाकडी बसवणारे नव्हते.”

“काप,” लॉयड म्हणाला.

“होडीवाल्या, तुला काय कळतं रे? होडीत एक तरी काटकोन असतो का?”

“म्हणून तर मी कुणाच्या गुण्यावर भरवसा ठेवत नाही. काप.”

वॉरेनने करवत सुरू केली. एक कड, फिरवली. दुसरी, फिरवली. पाचव्या वेळी बोटभर रुंदीची लांब पट्टी निघाली. लॉयड उठला. त्याने ती मधोमध मोडली, दोन्ही टोकं शेजारी शेजारी ठेवली आणि डोळे मिटून वरून अंगठा फिरवला.

“बघ.”

वॉरेनने अंगठा फिरवला. मग उलटा फिरवला. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जाताना काही लागलं नाही. त्याने दुसरी फळी घेतली आणि पाचही काप पुन्हा केले. तरी काही लागलं नाही.

दोघांनीही गुण्याकडे बघितलं.

“उताणा कर त्याला,” लॉयड म्हणाला.

“बापाचा आहे म्हटलं ना.”

“बापाचा पण उताणा होतो.”

वॉरेनने फळीच्या कडेला गुण्या टेकवून पेन्सिलीने रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी ओढली. खाली दोन्ही रेघा एक होत्या. वर पोहोचेपर्यंत त्यांच्यात काडेपेटीतली काडी मावेल एवढी जागा झाली.

लॉयड हसायला लागला. हसता हसता त्याला भुशाने ठसका लागला. “गुण्याच वाकडा! म्हणजे पोस्टातलं काउंटर...”

“गप.”

“चर्चमधली कपाटं!”

“गप बस ना, लेका.”

“आणि माझ्या सुनेला लग्नात दिलेलं ते फडताळ! मी म्हणायचो, हिला भांडी नीट रचता येत नाहीत!”

वॉरेनलाही हसू आवरेना. त्याने करवतीला पाठ टेकली, टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले. मग तो एकदम थांबला. गुण्या तिथेच ठेवून तो अंगण ओलांडून घरात गेला.

ट्रकचा भोंगा वाजला. लॉयड लंगडत बाहेर आला. “वॉरेन! ट्रकवाला विचारतोय, खोकं कुठंय?”

वॉरेन स्वयंपाकघरात उभा होता. खिडकी आणि कपाट यांच्यामधल्या फटीत त्याने वरून बोट घातलं आणि हळूहळू खाली आणलं. नळाच्या उंचीवर ते अडकलं.

“त्याला जाऊ दे,” तो ओरडला. “काही न्यायचं नाही.”

मग ओट्याकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात, तो म्हणाला, “खिडकी सरळ आहे गं.”