खोडलेलं नाव

वसमतच्या माझ्या नाट्यवर्गात ज्याला जे स्वगत देतो, त्याचं नाव मी पुस्तकात मथळ्याशेजारी पेन्सिलीनं लिहितो. मागच्या वर्षी पुनमचं लिहिलं आणि खोडलं. तुझं बोलणं गावठी आहे, असं तिला सांगताना माझी जीभ अडखळली नाही. खरं तर ते स्वगत संस्थाचालकांच्या भाचीला हवं होतं. पुनम पुन्हा आली नाही.

आज नव्या संग्रहाचं प्लास्टिक आकांक्षानं माझ्यासमोरच फाडलं.

"सर, हितं कुनाचं तरी नाव खोडलंय."

"कोरं पुस्तक आहे, पोरी."

"न्हाई, समद्या स्वगतांपाशी हाय." तिनं खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "पुनम. कोन हाय सर ही?"

"मला नाही ठाऊक."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं.

बोटांना खोडरबराचा ताजा भुगा चिकटला होता.