ज्वरपंखाचा ताप

ज्वरपंखाच्या पंखांतून झडणाऱ्या पिवळ्या भुकटीने आजवर सात राज्यं ओस पाडली होती. फाशांच्या खेळातल्या या राक्षसाचं एकमेव चित्र दिगंबरने कॉलेजात असताना मेसच्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलं होतं, आणि ते कोंबडीसारखं दिसत होतं.

पंचवीस वर्षांनी तेव्हाची मंडळी हेमांगीच्या घरी पुन्हा फासे टाकायला जमली, तेव्हा ती कोंबडी बघून अच्युतला गलबलून आलं. ज्याला ज्वरपंखाचा ताप चढेल, त्याने चादर पांघरून कोपऱ्यात बसायचं. चिवडा बंद. दुसरं कोणी "तुझा ताप मला" म्हणालं तरच सुटका. कॉलेजात हेमांगीचा ताप दर वेळी अच्युतच घ्यायचा. त्याहून जास्त काही बोलायला त्याला कधी जमलं नव्हतं.

आज नेमका तिचाच फासा वाईट पडला. "झडप! हेमे, ऊठ, कोपरा गाठ," दिगंबर गरजला.

"अरे, खाली बसलं की माझे गुडघे धरतात रे," ती म्हणाली.

"तुझा ताप मला," अच्युत बोलून गेला. आवाज जरा चिरकलाच.

ती हसली. "अजून तस्साच आहेस, बावळट! मला काय तेव्हा कळत नव्हतं होय?"

अच्युत चादरीत तोंड लपवून कोपऱ्यात बसला. इतका सुखाचा ताप त्याला जन्मात आला नव्हता.

पुढच्याच डावात ज्वरपंख मेला. त्याला हेमांगीच्या नवऱ्याने मारलं. तो हा खेळ पहिल्यांदाच खेळत होता.