गुरुवारची सही

"हे दार आत उघडतं. आग लागली तर माणसं बाहेर कशी पडायची?" तपासनीस तेविताने मागचं दार दोनदा ढकलून बघितलं.

खानावळवाली सेरेआना घाईने पुढे झाली. गेल्या खेपेला त्याने चुलीवरचं धुराडं उंच करायला लावलं, त्याआधी पायऱ्यांशेजारी उतार. सुवा बंदराच्या धक्क्याजवळची ही खानावळ नव्याने उभी करता करता तिचा जीव मेटाकुटीला आला होता. महिनाअखेर चूल पेटली नाही तर जागा दुसऱ्याला देईन, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं.

"साहेब, दार आजच फिरवून घेते. मग तरी परवान्यावर सही कराल?"

"गुरुवारी येतो. बघू."

बघू म्हणे! मेल्याच्या तोंडून सरळ शब्द निघेल तर शपथ. जाता जाता तो स्वयंपाकघरात डोकावला. तिथे तिची लेक लोसाना नारळ खोवत होती.

"आता धूर डोळ्यांत जात नाही ना?" त्याने विचारलं. लोसाना लाजून हसली.

सेरेआनाने ते बरोबर टिपलं. भाऊ आपेनिसा आला तेव्हा ती येरझाऱ्या घालत होती.

"दादा, हा पोरगा आपल्या लोसानावर भाळलाय. तिलाही तो आवडतो, मी विचारलंय."

"मग येतील की मागणी घालायला. घाई कसली?"

"घाई नाही कशी? गुरुवारी त्याला कडी वाकडी दिसली म्हणजे? एकदा घरचा झाला की काय बिशाद आहे त्याची अडवायची! त्याच्या काकांना निरोप धाड. म्हणावं, देवमाशाचा दात घेऊन या, आम्ही परत पाठवणार नाही."

"अगं बाई, दात हातात घेतला म्हणजे पोरगी दिली. मग माघार नाही."

"माघार हवीय कुणाला?"

बुधवारी तेविताचे काका बोटीने आले. चटईवर बसून त्यांनी लोसानाला रीतसर मागणी घातली. आपेनिसाने दात दोन्ही हातांनी घेतला, टाळ्या झाल्या, कावा नावाच्या मुळांच्या पेयाची वाटी फिरली. सेरेआनाचं सगळं लक्ष मात्र मागच्या दाराच्या बिजागऱ्यांकडे. सुताराला तिने तीनदा पिटाळलं.

गुरुवारी तेविता आला. दार ढकललं, ते बाहेर उघडलं. धुराडं पाहिलं, उतारावरून चालून आला.

"एकही चूक नाही," तो म्हणाला.

सेरेआनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

"काय झालं, साहेब?"

"साहेब नका म्हणू, आई." त्याने मान खाली घातली. "आज सही करून पुढच्या आठवड्यात काकांना पाठवणार होतो. पण तुम्हीच त्यांना बोलावून घेतलंत. आता नात्यातल्या जागेवर मला सही करता येत नाही, तसा नियमच आहे. लौटोका शहरातून दुसरे साहेब येतील. पुढच्या महिन्यात."