घरचा मेकॅनिक

काकूंनी रिमोटचं बटण दाबलं, डोळे मिटले, सात सेकंद थांबल्या आणि पुढचा कार्यक्रम लावला. पुन्हा डोळे मिटले.

अँटेनाकाका शेजारच्या खुर्चीतून हे बघत होते. ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा घास घ्यावा आणि थुंकून टाकावा, तसलं काहीतरी चाललंय असं त्यांना वाटत होतं. आज या प्रकाराची चौदावी संध्याकाळ होती. जावयांनी टीव्हीला एक डबी जोडून दिली होती, वापरून बघा म्हणून. त्या डबीत जगातले सगळे सिनेमे, सगळ्या मालिका; नव्या, जुन्या आणि मरून विसरल्या गेलेल्यासुद्धा. पडद्यावर चित्रांच्या रांगाच रांगा. दर दुसऱ्या चित्रात एक दाढीवाला पिस्तूल धरून उभा, आणि उरलेल्यांत कुणाची तरी बायको खिडकीतून बाहेर बघतेय. त्या रांगा सरकू लागल्या की काकांना मळमळायचं.

"उकिरडा आहे नुसता," ते म्हणाले. "दिवे लावलेत एवढंच."

"हं," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या.

"अगं, डोळे मिटून कुणी कार्यक्रम निवडतं का? आंधळी कोशिंबीर आहे ही?"

"सापडलं की सांगते."

"काय ते कर आजच. उद्या सकाळी जावई येतायत. डबी काढून न्या म्हणून सांगितलंय मी त्यांना."

काकूंचा अंगठा थांबला. "मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? चौदा दिवसांत एक कार्यक्रम धड बघितला नाहीस."

"मग आजच्या दिवस गप्प बसा," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा अंगठा दुप्पट वेगानं चालू लागला.

गप्प बसणं काकांच्या रक्तात नव्हतं. तीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले होते. लोकांच्या गच्चीवर चढून अँटेना फिरवत "आलं का?" असं ओरडण्यात त्यांचा निम्मा जन्म गेला होता, नावही त्यातूनच चिकटलं. 'आवाज येतो, चित्र येत नाही' ही तक्रार तर त्यांच्या हातचा मळ. समोर ठेवलेला चहा निवायच्या आत ते चित्र आणून दाखवत. आणि तेव्हा काय बघायचं हा प्रश्नच नव्हता. वाहिनी एक. टीव्ही लावायचा, नाहीतर बंद करायचा.

"साडेसातला एक मालिका असायची," ते म्हणाले. "अख्खी गल्ली आपल्या या खोलीत. शिवणकामवाली, पोस्टमन, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. दाराशी चपलांचा ढीग. सगळ्यांनी एकच बघायचं आणि एकदमच रडायचं. आता माणसं दोन आणि कार्यक्रम पाच हजार. शी."

"नाव काय होतं हो तिचं?" काकूंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"नाव कशाला हवं? साडेसातची म्हटलं की गावाला कळायचं."

"तुम्ही कधी बघितलीत?"

"मी कुठला? लोकांचे टीव्ही नेमके साडेसातलाच बिघडायचे. पण तू होतीस की. जेवायला वाढताना अख्खा भाग ऐकवायचीस, सासूचा आवाज काढून."

ते मात्र खरं होतं. तीन वर्षं काकांनी ती मालिका भाकरीसोबत खाल्ली होती. सासूचं खाकरणं, सुनेचा दाटलेला गळा, तोतऱ्या नोकराची फजिती. पहिल्या रांगेत बसणाऱ्यालाच असं सांगता येतं, असं ते कौतुकानं म्हणत.

काकूंनी बटण दाबलं. गोळ्या सुटल्या. पुढचं. कुणीतरी धाय मोकलून रडलं. पुढचं. बासरी वाजली, आणि एका बाईनं घसा खाकरला.

काकूंचा अंगठा हवेतच राहिला.

"थांब, सूनबाई," टीव्हीतली सासू म्हणाली. काकूंचे ओठ तिच्याबरोबर हलले. पुढचं वाक्य सुनेचं होतं. ते काकूंनी तिच्याआधीच म्हणून टाकलं. मग त्यांनी डोळे उघडले, आणि पुढे वाकून त्या बघतच राहिल्या.

"ही होय ती?" त्या म्हणाल्या. "बुटकी आहे की हो. मी चांगली उंच धरली होती. आणि सासूला चष्मा आहे."

"म्हणजे?" काका म्हणाले. "एक भाग चुकवला नव्हतास तू."

"एकही नाही." काकूंनी रिमोटनं टीव्हीमागच्या भिंतीकडे बोट केल्यासारखं केलं. "तिथून."

भिंत काकांनीच निवडलेली होती. गच्चीवरून आलेली वायर तिथपर्यंतच पुरत होती. तिला जोड दिला की चित्रात मुंग्या येतात, म्हणून टीव्हीनं ही भिंत सोडायची नाही, हा त्यांचा दंडक आजवर चालू होता. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघराचा ओटा. ओट्यावर रोज साडेसातला गल्लीभरच्या चहाचं पातेलं.

काकांनी उठून टीव्हीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पावलं मोजली.

"अगं, मग सांगायचंस ना," ते म्हणाले. "चार हात नवी वायर ओढली असती मी."

"कुणाला सांगणार?" काकूंची नजर पडद्यावरून हलली नाही. "आवाज येत होता, चित्र येत नव्हतं. मेकॅनिक साडेसातला दुसऱ्यांच्या घरी."