पेरोगीचा कोच

"फळी बदला!"

शिट्टी वाजली आणि चर्चच्या तळघरातल्या चौदा बायका दचकल्या. कुणाच्या तरी हातातली करंजीसारखी पेरोगी फुटून सारणाचा बटाटा टेबलावर आला. ओरेस्ट होलोवाटी गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे बघत उभा होता.

"पंचेचाळीस सेकंद झाले. बोटं दमली की कड सुटते. लाटणाऱ्या मागे, चिमटणाऱ्या पुढे. चला, चला, बघत काय बसलाय!"

"स्टेफा," पारास्का आजीने लाटणं खाली ठेवलं. "हा माणूस तुझा आहे ना गं?"

स्टेफा काय बोलणार? माणूस तिचाच होता. एकेचाळीस वर्षं होता.

कॅनडातल्या अख्ख्या सस्काचेवान प्रांतात या माणसाचं नाव. आइस हॉकीचे सात करंडक. गावच्या हॉकीच्या रिंकवर दार उघडल्याबरोबर त्याचाच फोटो समोर येतो. एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला आणि स्टेफाच्या नाकी नऊ आले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आधी त्याने फ्रिजच्या दारावर मार्करने बाण काढून तिला शेगडीपासून सिंकपर्यंतचा जवळचा रस्ता समजावला. मग दारातला बर्फ कसा उपसावा याचे धडे शेजाऱ्याला दिले. शेजारी आता बोलत नाही. आणि आता ही गुरुवारची पेरोगी. नाताळच्या बाजारासाठी तीन हजार नग करायचे असतात आणि पन्नास वर्षं ते याच टेबलावर, शिट्टीशिवाय, व्यवस्थित होत आलेत.

"ओरेस्ट, घरी जा," स्टेफा दातओठ खात पुटपुटली.

"घरी कोण आहे?"

"मग रिंकवर जा."

"तिथं नवा कोच आहे. मी दिसलो की बिचारा शिट्टी वाजवायचीच विसरतो."

एवढं बोलून तो सरळ पारास्का आजीकडे वळला. तिच्या हातातली पेरोगी त्याने अलगद काढून घेतली. "आजी, कड अशी नाही. अंगठा आत पाहिजे."

पारास्का आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. सातव्या वर्षापासून ती पेरोगी चिमटत आली होती. तिने पेरोगीकडे पाहिलं, मग कोचकडे, मग शांतपणे स्टेफाकडे.

"पुढच्या गुरुवारी एकटी ये. नाहीतर तूही येऊ नकोस."

स्टेफा हात न धुताच बाहेरच्या बोळात गेली. तिथे भिंतीवर सगळ्यांचे जाड कोट टांगलेले होते. त्यांच्यामध्ये उभं राहून रडावं असं तिला वाटलं, पण रडू येईना. नुसता संताप येत होता.

या टेबलाशी तिला जागा मिळवायला तीन वर्षं लागली होती. त्याआधी अकरा गावं झाली. संघ हरला की क्लब कोचला हाकलणार, जिंकला की दुसरं गाव पळवणार, म्हणजे कसंही झालं तरी वसंतात मुक्काम हलणार आणि स्टेफा निमूटपणे कपबश्या बांधायला घेणार. दर शरदात तिने लसूण लावला आणि तो पुढच्या भाडेकरूने खाल्ला. या गावात पहिल्यांदाच घर विकत घेतलं. आपण लावलेला लसूण आपल्या हातांनी उपटला, तेव्हा ती साठी ओलांडून चांगली पुढे गेली होती. आता हे घर राखायचं तर हा माणूस दिवसभर घरात, आणि बायकांनी मात्र तिला वाळीत टाकलेलं. त्याला एकट्याला कुठे पाठवायचीही सोय नव्हती. सकाळची हृदयाची गोळी हातावर ठेवली नाही तर हा ती तशीच विसरतो.

हात टेकले बाई. जाऊ दे घर. तेराव्या गावात निदान हा रिंकवर तरी असेल.

तिने पिठाच्या बोटांनी व्हर्नचा नंबर लावला. व्हर्न एकेकाळी ओरेस्टच्या संघात होता, दोन हिवाळे तिच्याच घरी जेवला होता. आता तो शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका संघाचा मॅनेजर होता आणि त्या संघाला महिनाभर कोच नाही, हे तिने पेपरात वाचलं होतं.

"व्हर्न, ह्याला घेऊन जा. हात जोडते तुझ्यापुढे. लगेच सोमवारी निघतो आम्ही."

"स्टेफाकाकू, मी चार वेळा विचारलंय कोचना. काल पाचव्यांदा."

"काय? आणि हा काय म्हणाला?"

"दरवेळी एकच. बायको नाही म्हणते."

"मी?" स्टेफाचा आवाज चढला. "मी कधी नाही म्हटलं? मला तर यातलं अक्षर माहीत नाही! वर माझंच नाव पुढे करतो!"

"मीही तेच बोललो. म्हटलं, कोच, काकूंनी तुम्हाला आजवर एकदा तरी नाही म्हटलंय का? तर म्हणाले, 'अकरा वेळा म्हणाली रे, कपबश्या कागदात गुंडाळताना. मला आत्ता ऐकू आलं.'"