हरिणीचा हंगाम

“नर की मादी?” हरणांच्या शिकारीला नेणाऱ्या कॅलमने पुन्हा विचारलं. “नर असेल तर आजही नेतो. मादी हवी असेल तर एकवीस ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल. त्याआधी तिच्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे.”

“मादीच,” वैजयंती म्हणाली. “थांबते मी.”

वर्षभर थांबली होती, त्यात आणखी नऊ दिवसांनी काय बिघडणार होतं?

गेल्या वर्षी बारा ऑक्टोबरला स्कॉटलंडच्या याच दरीतल्या रस्त्यावर तिची एकुलती एक मुलगी गेली. पोलिसांच्या नोंदीनुसार फोटो काढायला ईशानी गाडीतून उतरली होती, कडेने चालत होती. नवरा, समर, मागून गाडी आणत होता. हरण आडवं आलं, ते चुकवायला त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी ईशानीवर गेली. पोलिसांच्या कागदांत नुसतंच ‘हरण’ होतं. पण पोलीस पोचायच्या आधी समरने सासूला लेस्टरला फोन केला होता आणि रडत एवढंच म्हणाला होता, “आई, ती एकदम समोर आली.”

ती. म्हणजे मादी. समर लंडनच्या क्रॉयडनमध्ये वाढलेला, मराठीत पुस्तकालाही ‘तो’ म्हणणारा. पण घरातल्या मांजरीला ‘ती’ आणि शेजारच्या कुत्र्याला ‘तो’ म्हणायला त्याला बरोबर जमायचं.

जन्मात कधी अंडंही न फोडलेल्या वैजयंतीने त्या हरिणीवर डूख धरला. आयुष्यभर औषधांच्या दुकानात बसलेली ही बाई हरणांवरची पुस्तकं वाचू लागली. वारा, थंडी, चारा, माणसाचा वास, कशाने ती कुठे सरकतात ते सगळं. माजावर आलेले नर मैलोन्‌मैल भटकतात. माद्या मात्र आपला डोंगर सोडत नाहीत. म्हणजे ती बया अजून इथेच मजेत चरत होती! या विचारानेच वैजयंतीच्या अंगाची लाही व्हायची.

समरला तिने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. “आई, प्लीज, नको ना,” तो सारखा म्हणत होता. “इट वोन्ट ब्रिंग हर बॅक.”

“तुझी बायको होती ती. तू असायलाच हवंस.”

एकवीस तारखेला तिघं सकाळभर डोंगर चढले. शेवटचा तासभर ओल्या गवतातून पोटावर सरपटले. वारा तोंडावर येत होता, म्हणजे त्यांचा वास हरणांकडे जात नव्हता. समोरच्या उतारावर अकरा माद्या चरत होत्या. कॅलमने रायफल तिच्या खांद्याला लावून दिली. सरावाच्या निशाण्यावर तिने तिन्ही गोळ्या मधोमध मारल्या होत्या, त्यामुळे तो निश्चिंत होता.

“अपघात किती वाजता झाला होता?” त्याने सहज विचारलं.

“भर दुपारी. बारा तारखेला.”

कॅलमच्या कपाळावर आठी पडली. “गेल्या वर्षी त्या आठवड्यात आम्ही याच उतारावर रोज नर मारत होतो. बार वाजायला लागले की माद्या पोरांना घेऊन डोंगरापलीकडे जातात. दिवसाउजेडी रस्त्याकडे एकही उतरत नाही. मादी नसेल हो. माजाने वेडा झालेला एखादा नर असेल.”

वैजयंतीचा संताप उफाळून आला. वर्षभर भलत्याच जनावराला शिव्याशाप दिले की काय? चापावरचं बोट न काढता तिने मान वळवली.

“समर, नीट आठव. डोक्यावर शिंगं होती का?”

समर गवतात तोंड खुपसून पडला होता. “सोडा ना तिला, आई. तिने काही नाही केलं.”

“मग कोणी केलं? फोनवर तूच म्हणालास ना, ती समोर आली म्हणून?”

“हो.”

“मग ती कोण?”

समरने डोकं वर केलं.

“ईशानी, आई. आमचा भांडण झाला होता. गाडी थांबवायला ती हात पसरून समोर आली, आणि मी नाही थांबलो. हरण मी नंतर सांगितला, पोलिसांना.”