चंपतरावांसाठी एक मिनिट

येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी चंपतराव आलेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला उन्हाचा दुपट्टा, हातात आंब्यांची पिशवी. शहरात, रामदासपेठेतल्या सभागृहाच्या दारात त्यांना पाहिलं आणि उत्तरा मॅडम लगबगीनं पुढं झाल्या.

"तुम्ही कशाला आलात? अपेक्षाला मीच घेऊन येणार होते ना गावी, खाप्याला?"

"आता पोरीचा सत्कार होऊन राहिला अन् बापानं घरी बसाव काय, मॅडम? साठ पोरांत पहिली आली म्हणे!"

आत उन्हाळी नेतृत्व शिबिराचा समारोप होता. दहावीची परीक्षा दिलेली साठ मुलं पंधरा दिवस इथं राहिली होती. त्यातल्या एकाचा अकरावी-बारावीचा सगळा खर्च शिबिर भरवणारी संस्था करणार होती, आणि ते नाव अपेक्षाचं निघालं होतं. तिच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मॅडमनी खरं तर पेढे वाटायचे. पण सकाळपासून त्या दारावरच नजर ठेवून होत्या.

त्यांनी चंपतरावांना जिन्याखाली नेलं, मोठ्या कूलरच्या आड.

"एक सांगायचं राहिलं तुम्हाला. शिबिरातली फुकट जागा फक्त वडील नसलेल्या मुलांसाठी होती."

"मंग आपल्या अपेक्षाले कशी भेटली?"

"मी लिहून दिलं. मुख्याध्यापिकेचा दाखला चालत होता. मीच सही केली."

कूलरच्या आवाजात चंपतरावांना ते समजायला जरा वेळ लागला. मग ते हसले, आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

"म्हणजे मले मारलं तुम्ही."

"माझी मती फिरली होती, चंपतराव. एवढी हुशार पोरगी, तिला कोणी विचारत नाही... चुकलं माझं. फार चुकलं."

"कशानं मारलं? नाई, कोणी इचारलं तं सांगा लागन."

"काविळीनं," मॅडम पुटपुटल्या. या माणसानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अपेक्षाले मालूम हाये?"

"पहिल्याच दिवशी कळलं तिला. मला फोन करून रडली. मी म्हटलं, पंधरा दिवस कळ काढ."

चंपतराव पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले. रोज संध्याकाळी अपेक्षा त्यांनाही फोन करायची. काय जेवली, आज काय शिकवलं, सगळं सांगायची.

"मले तं काईच बोलली नाई," ते म्हणाले. "जाऊ का मंग मी?"

बाहेर शेहेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. एवढ्या उन्हात परत पाठवायचं कसं?

"मांगं बसतो," चंपतराव स्वतःच म्हणाले. "बाप म्हणून नाई बसत. असाच बसतो."

दोघं शेवटच्या रांगेत बसले. शिबिर चालवणारे रजत सर माईकवर आले आणि त्यांनी अपेक्षाला मंचावर बोलावलं. तिनं काय काय केलं ते सांगता सांगता सरांचा आवाज भरून आला. खोटा नाही, अगदी खराच. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

"आज हिचे बाबा हवे होते," सर म्हणाले. "माझी विनंती आहे, आपण सगळे त्यांच्यासाठी एक मिनिट उभे राहू."

खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह उठलं. उत्तरा मॅडम उठल्या. शेजारी चंपतरावही उठले. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, घडी करून खांद्यावर टाकला आणि चारचौघांसारखी मान खाली घातली.

थांबा, हा माणूस इथं उभा आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण बावीस वर्षं वर्गावर ओरडलेल्या मॅडमही त्या मिनिटात इतरांसारखीच मान खाली घालून उभ्या राहिल्या. लाजेनं त्यांचे कान तापले. त्यांनी चोरून वर पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मंचावर अपेक्षा मात्र मान वर करून शेवटच्या रांगेकडे बघत होती.

मग टाळ्या झाल्या, फोटो झाले. ट्रॉफी छातीशी धरून अपेक्षा धावत आली आणि दोन पावलांवर थबकली. तिच्या मागोमाग रजत सर आले होते.

"मॅडम, तुमचे आभार कसे मानू? तुमच्यामुळे ही मुलगी आम्हाला मिळाली," सर म्हणाले. मग चंपतरावांकडे वळले. "आणि आपण?"

आता सांगायचंच. संस्थेची मदत गेली तर जाऊ दे, माझी नोकरी गेली तर तीही जाऊ दे. मॅडमनी पदर सावरला.

"सर, हे..."

"आमच्या गावचे काका आहेत, सर," अपेक्षा म्हणाली.

आवाज स्वच्छ, पाठ ताठ, नजर थेट सरांच्या डोळ्यांत. शिबिरात पंधरा दिवस हेच घोटून घेतलं होतं. पाचवीपासून मॅडमच्या हाताखालची पोर. तिला खोटं बोलताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"वा, वा! काका, खास एवढ्या लांबून आलात!" सरांनी हात जोडले.

चंपतरावांनीही जोडले. मग पिशवी अपेक्षापुढे धरली.

"घे, माय. अंगणातल्या झाडाले यंदा पहिल्यांदाच आंबे आले. तुह्या बापानं लावलं होतं."